नवलचा नंबर

नवलचा नंबर मला पाठ आहे. माझ्या पोरांचे नंबर पाठ नाहीत, बायकोचा नाही, पण नवलचा झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतो. पाचोऱ्याच्या स्टँडसमोर ज्यांची दुकानं आहेत त्या सगळ्यांचं हेच आहे. ज्याचा बाप रोज हरवतो त्या माणसाचा नंबर गावाला पाठ होतो.

मी वना. स्टँडसमोर निंबाखाली माझं पंक्चरचं दुकान आहे. तीस वर्षं एकाच जागी बसून माणूस फटकळ होतो, तसा मी झालो. लोक मला नाना म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. नवलबद्दल गावात आता दोन प्रकारे बोललं जातं. कोणी म्हणतं, बापाला सोडून पुण्याला पळाला. कोणी म्हणतं, बिचाऱ्याचं नशीब. दोन्ही बोलणाऱ्यांना मी माझ्या बाकावरून उठवतो. त्याला पुण्याला जा म्हणणारा मी होतो. पुढे जे झालं त्यातही माझा हात आहे, आणि ते सांगायचं तर आधी नवल कोण ते सांगावं लागेल.

त्याचे वडील पंडितआबा पी.जे.वर गेटमन होते. पी.जे. म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी, ती आता बंद आहे. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर आबांचं गेट होतं. नवल चौथीत असताना त्याची आई गेली. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. ड्युटीवर जाताना पोराला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, आणि पहाटे उठून भाकरी स्वतः थापायचे. माझा धाकटा नवलच्याच वर्गात होता. तो सांगायचा, नवलच्या डब्यातली भाकरी कडेने जळालेली आणि मधे कच्ची असते, आणि कोणी हसलं की तो डबा झाकून घेतो, पण बापाबद्दल एक शब्द बोलत नाही.

पुढे पोरगा आयटीआय झाला, फिटर, आणि भडगाव रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चोवीस तास चालतं. नवल मशीनचे रोलर घासायचा, सुऱ्या बसवायचा. सीझनमध्ये त्याच्या भुवया कापसाने कायम पांढऱ्या असायच्या. त्या खडखडाटात सोळा वर्षं काढून कानाने थोडा कमी झाला होता, म्हणून साधं बोलणंही मोठ्याने. पण मोठ्याने बोलून करायचा काय, तर माफी मागायचा. इतका भिडस्त माणूस मी पाहिला नाही. एसटीत कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार. मला त्याच्या या स्वभावाचा राग यायचा. मी तोंडावर म्हणायचो, 'तुला गावाने पायपुसणं केलं ना नवल, तरी तू म्हणशील, नीट पुसा.' तो हसायचा आणि हवा भरून निघून जायचा.

पाच वर्षांपूर्वी आबांचं बिघडायला लागलं. आधी चष्मा कुठे, किल्ली कुठे, जेवलो की नाही, एवढंच. मग एका सकाळी खाकी शर्ट घालून, हातात लाल फडक्याची गुंडाळी घेऊन ते ड्युटीवर निघाले. रिटायर होऊन चौदा-पंधरा वर्षं झालेली, गाडीही बंद पडलेली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार औषधाने थोडा हळू होईल, पण मागे फिरणार नाही. कोंडून ठेवू नका, असंही बजावलं. कोंडून बघितलं होतं एकदा. आबा दारावर डोकं आपटत राहिले, 'गेट उघडं शे, गाडी ई ऱ्हायनी' म्हणत. गाडी येतेय आणि गेट उघडं आहे, हाच घोर. नवलने स्वतःच कडी काढली आणि मग दाराशी बसून रडला, असं तोच मला म्हणाला.

तेव्हापासून गावात एक पद्धत पडून गेली. कोणी बसून ठरवली नाही, आपोआप पडली. आबा कुठेही दिसले की ज्याला दिसले त्याने त्यांना सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं, म्हणायचं, 'आबा, बसा, नवल येतोय,' आणि नवलला फोन लावायचा. नवलचं नाव घेतलं की म्हातारा गप बसायचा. देवाचं नाव घेतलं असतं तरी बसला नसता. दहा-पंधरा मिनिटांत नवल त्याच्या एक्सेल गाडीवर यायचा. ताटावरून उठून यायचा, मशीन दुसऱ्याच्या हाती देऊन यायचा. एकदा तर अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालाला साबण तसाच. आल्यावर आधी आम्हाला 'तसदी दिली' म्हणायचा, मग बापाला मागे बसवून, त्यांचे दोन्ही हात आपल्या पोटावर एका हाताने धरून हळूहळू घरी न्यायचा.

रिक्षावाला भटू, खताच्या दुकानाचे लखीचंदशेठ, स्टँडच्या कंट्रोल केबिनमधले, रसवंतीवाला, मी, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये नवलचा नंबर होता. आम्हाला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आम्ही एकमेकांना सांगायचो, असं शहरात होईल का कधी. पण एवढ्या वर्षांत आमच्यातल्या कोणी आबांना स्वतः उठून घरी पोचवलं असं फारसं झालं नाही. गरजच पडली नाही. फोन केला की नवल येतच होता.

दोन वर्षांपूर्वी जिनिंगच्या मालकाने सांगितलं, पुढच्या सीझनला नवी मशिनरी येणार, तिच्याबरोबर तिची माणसंही येणार. नवलसारख्या चौघांना त्याने गोड बोलून मोकळं केलं. त्याच महिन्यात चाकणच्या एका कारखान्यातून नवलला बोलावणं आलं. त्याचा आयटीआयचा मित्र प्रेमराज तिथे होता, त्याने शब्द टाकला होता. मेंटेनन्स फिटर, सहा महिन्यांनी कायम, पगार इथल्या दीडपट आणि काम बारा महिने. असं बोलावणं आधीही एकदा आलं होतं, तेव्हा आबांमुळे त्याने नाही म्हटलं होतं. या वेळी प्रेमराजने स्पष्ट सांगितलं, एक एप्रिलला हजर झाला नाहीस तर यापुढे मी तुझं नाव काढणार नाही.

घरात बायको सुलक्षणा आणि मुलगी मेघा, सातवीतली. सुलक्षणा चोपड्याकडची. घरी शिवणकाम करते. तिच्याबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं की डोक्यावरचा पदर न ढळू देता ती सासऱ्याचं सगळं करते, हगणं-मुतणंसुद्धा.

फेब्रुवारीभर नवल रोज संध्याकाळी माझ्या बाकावर येऊन बसायचा. जाऊ की नको जाऊ. एके दिवशी म्हणायचा, इथे राहिलो तर मेघाला शिकवू कशावर, मजुरीला गेलो तर महिन्यातून पंधरा दिवस काम. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, ज्या माणसाने मला भाकरी थापून घातली त्याला टाकून जाऊ कसा. मी म्हटलं, मग घेऊन जा की त्यांना. तर मार्चच्या सुरुवातीला तो आबांना घेऊन आठ दिवस प्रेमराजकडे राहून आला. चौथ्या मजल्यावरची खोली. दुसऱ्याच दिवशी आबा जिना उतरून निघून गेले. तीन तासांनी सापडले, हायवेच्या दुभाजकावर उभे, फडकं हलवून ट्रक थांबवत होते.

'शेकडो माणसं बघत होती, नाना,' नवल मला म्हणाला. 'एकानेही विचारलं नाही, आबा कुठे चाललात. आणि विचारणार तरी कसे, ते आबा आहेत हेच तिथे कोणाला माहीत नाही.'

बाकीचे दिवस दाराला कुलूप, आणि परत आले तेव्हा आबांच्या कपाळावर टेंगूळ. तो रस्ता तिथेच बंद झाला.

राहिले दोन. नाही म्हणायचं आणि मिळेल त्या कामाला लागायचं, किंवा आबांना सुलक्षणाजवळ ठेवून एकट्याने जायचं. इथे मी तोंड घातलं. त्याचं रोजचं ते कुंथणं मला असह्य झालं होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला आमच्या पद्धतीचा माज होता.

'नवल, तू जा,' मी म्हटलं. 'आख्खं गाव तुझ्या बापाला ओळखतं. आजवर संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत असं झालंय कधी? तू इथे राहून वेगळं काय करतोस? आम्ही फोन करतो, तू येतोस. आता आम्ही फोन करू, तू तिकडून घरी फोन लाव, सुलक्षणा येईल.'

तो म्हणाला, 'तुम्ही म्हणता तर जातो, नाना.'

मला तेव्हा बरं वाटलं होतं. कोणीतरी आपल्या शब्दावर एवढा मोठा निर्णय घेतो याचं बरं वाटलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी तो चिठ्ठ्या घेऊन आला. मेघाने वहीचे कागद कापून तीस-एक चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं. आबांचं नाव, घराचा पत्ता, खाली दोन नंबर. एक नवलचा, दुसरा सुलक्षणाचा. त्या दुकानादुकानांतून वाटायच्या होत्या.

मी वाचली आणि डाफरलो. 'हा दुसरा नंबर बायकोचा? तुला अक्कल आहे का? घरात पुरुषमाणूस नाही आणि तू तिचा नंबर स्टँडवर वाटणार? इथे शंभर तऱ्हेची माणसं येतात. उद्या नको नको ते फोन यायला लागले तर पुण्याहून काय करशील?'

'तिनेच सांगितलं, नाना. म्हणाली, माझा नंबर द्या, मी जवळ असते.'

'तिला काय कळतं स्टँडवरचं,' मी म्हटलं.

गल्ल्यातला पेन काढला आणि त्याच्यासमोर तिसाच्या तीस चिठ्ठ्यांवरचा खालचा नंबर खोडला. साधी रेघ नाही मारली, वाचताच येणार नाही असा गिरवून खोडला. नवल खोडलेल्या चिठ्ठ्या एकेक करून नीट रचत गेला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठ्या वाटल्या. लखीचंदशेठनी खोडलेलं बघून विचारलं, मी कारण सांगितलं, तर ते म्हणाले, 'हे चांगलं केलं वनाभाऊ. बाईमाणसाचा नंबर असा बाजारात बरा नाही.' भटूही हो म्हणाला. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गावात अजूनही शेजाऱ्याच्या सुनेचा नंबर कोणी मोबाईलमध्ये ठेवत नाही, ठेवला तर ठेवणाऱ्याकडेच लोक बघतात.

एप्रिल नीट गेला. आबा दिसले की आम्ही पुण्याला फोन लावायचो. नवलला सुरुवातीला ऑफिसात ट्रेनिंगला बसवलं होतं, फोन जवळ असायचा. तो उचलायचा, 'तसदी दिली' म्हणायचा, आणि थोड्या वेळाने सुलक्षणा येऊन आबांना घेऊन जायची. माझ्याशी बोलायची नाही. पदर पुढे ओढून सासऱ्याचा हात धरायची, 'चला आबा' म्हणायची आणि निघायची. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, बघ, चालतंय की नाही.

नवल कधी कधी रविवारी मला फोन करायचा. एका खोलीत सहा जण राहतात, भाजीत तिखट नसतं, असं सांगायचा. एकदा म्हणाला, 'इथल्या मशीनना आवाजच नाही, नाना. मी बोललो की सगळे वळून बघतात.' पहिला पगार झाला तेव्हा त्याने मेघाला सायकल घ्यायला लावली. ती मी जोडून दिली, त्या दिवशी तो फोनवर खूश होता. दसऱ्यापर्यंत कायम होईन, दिवाळीला सुट्टी मिळेल, मग खोली वेगळी घेईन, तळमजल्यावरची, अंगण असलेली, आबांना आणता येईल अशी. त्याचं सगळं ठरत चाललं होतं.

मे महिन्यातला सोमवार होता. जळगावला पंचेचाळीस, आमच्याकडेही तेवढंच. दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. त्याच सोमवारी नवलला कारखान्यात आत, मशीनवर घेतलं. तिथे फोन नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा आणि साडेतीनला शिफ्ट सुटली की घ्यायचा. त्याला हे सकाळी गेटवर गेल्यावर कळलं. तिथूनच त्याने सुलक्षणाला सांगितलं, 'साडेतीनपर्यंत माझा फोन लागणार नाही, आबांकडे लक्ष ठेव.' बाकी तीस जणांना सांगायला वेळ नव्हता, मागे गार्ड घाई करत होता.

साडेदहाला सुलक्षणा न्हाणीत गेली आणि आबांनी कडी काढली. ती बाहेर आली तर दार उघडं. आबा बहुतेक वेळा पी.जे.च्या गेटकडेच जायचे, म्हणून ती तिकडे धावली. आबा त्या दिवशी स्टँडकडे आले होते.

अकराला दहा मिनिटं असतील, ते माझ्या दुकानासमोर उभे. खाकी शर्ट, पायात चप्पल नाही. मी त्यांना बाकावर बसवलं, तळपायांवर पाणी घातलं, माठातलं पाणी प्यायला दिलं. म्हटलं, 'आबा, बसा, नवल येतोय.'

'नवल ई ऱ्हायना का?' त्यांनी विचारलं.

'हो, येतोय.'

मी फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. परत लावला, नाही उचलला. म्हटलं, मिस कॉल बघेल आणि घरी कळवेल. आबा अर्धा तास बसले, अगदी शहाण्यासारखे, रस्त्याकडे तोंड करून. मग एका ट्रॅक्टरचं मागचं टायर आलं. ते दोन माणसांचं काम आणि मी एकटा. वाकलो ते पाऊण तासाने मान वर केली, तर बाक रिकामा. मला वाटलं, सुलक्षणा येऊन घेऊन गेली. ती नेहमी तशीच यायची आणि तशीच जायची. मी हात धुतले आणि जेवणाचा डबा उघडला.

नंतर सगळ्यांनी मिळून जुळवलं तेव्हा कळलं. माझ्याकडून उठून आबा लखीचंदशेठकडे गेले. शेठनी पंख्याखाली खुर्ची दिली, ताक दिलं, नवल येतोय म्हणाले आणि फोन लावला. तिथून रसवंतीवर गेले. त्यानेही तेच केलं. मग भटूने कुठे निघालात म्हणून हटकलं, 'आबा, कथा निंघनात?' रिक्षात बसवलं, नवल येतोय म्हणाला, फोन लावला. मग त्याला वरखेडीचं भाडं आलं, तेव्हा त्याने आबांना उतरवून कंट्रोल केबिनच्या सावलीत सोडलं. केबिनमधल्याने पाणी पाजलं आणि फोन लावला. एकानेही कानाडोळा केला नाही, हेच तर आहे. आठ जणांनी मिळून तेरा फोन केले, सगळे पुण्यातल्या एका लॉकरमध्ये वाजले. आणि आठही जणांनी त्या म्हाताऱ्याला सांगितलं, नवल येतोय.

अडीच वाजता सुलक्षणा आली. पी.जे.च्या गेटापर्यंत जाऊन, दोन्ही बाजूंची शेतं बघून, देवळं धुंडाळून आली होती. पदर खांद्यावर, तोंड लालबुंद, मुठीत मोबाईल. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली.

'नाना, आबा दिसले का?'

'दिसले का म्हणजे? तू नेलंस ना मघाशी?'

तिने नाही म्हणून मान हलवली.

'अकराला इथेच होते,' मी म्हटलं. 'मी नवलला फोन केला होता.'

'त्यांनी उचलला?'

'नाही.'

'मग?'

तिचं घर माझ्या दुकानापासून चालत बारा मिनिटांवर आहे. मी पत्ता विसरलो होतो असंही नाही, तो चिठ्ठीवर होता आणि चिठ्ठी माझ्या भिंतीवर होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं की फोन केला म्हणजे आपलं काम झालं.

दुकानं तशीच टाकून आम्ही सगळे निघालो. कोणी स्टेशनकडे, कोणी पी.जे.कडे, कोणी भाजीबाजारात. पावणेचारला माझा फोन वाजला. नवल होता. शिफ्ट सुटून त्याने फोन हातात घेतला होता. त्याने आधी सुलक्षणाला लावला होता, तिच्याकडून त्याला कळलं होतं.

'नाना, तुम्ही आबांना काय सांगितलं होतं?' तो मोठ्याने बोलत होता, नेहमीसारखा.

'काय सांगणार, नेहमीचंच. बसा, नवल येतोय.'

तो म्हणाला, 'सगळ्यांनी तेच सांगितलं असेल. मी आलो नाही म्हणून ते मला आणायला गेले असतील. जिनिंगवर बघा, नाना.'

मी आणि भटू रिक्षाने गेलो. वाटेत सुलक्षणा भेटली, तिला घेतलं. सीझन संपलेला, जिनिंग बंद, मोठ्या लोखंडी गेटला कुलूप, आणि राखणदार दुपारचा घरी गेलेला. गेटजवळ सावली म्हणून नाही. आबा गेटच्या पत्र्याला खांदा टेकून बसले होते, तोंड आत कारखान्याकडे वळवलेलं. शर्टाची सगळी बटणं लावलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. सुलक्षणाने बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, हाका मारल्या. भटूने रिक्षा सिव्हिलला नेली ती कशी नेली त्याचं त्यालाच माहीत. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास झाला असेल, ऊन लागून गेले.

भटू दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मला म्हणाला, 'नाना, आपन बठ्ठा आठेच व्हतूत.' आपण सगळे इथेच होतो, हेच म्हणत तो रडत होता, आणि मला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता.

नवल दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आला. अंत्ययात्रेला एवढी गर्दी पाचोऱ्यात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. स्टँडसमोरची सगळी दुकानं बंद. दहाव्याला एका पाहुण्याने नवलच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, 'सुटले आबा. तूही मोकळा झालास. आता बायको-पोरीला घेऊन पुण्याला जा, आता कसली अडचण?' मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण नवलने मान हलवली, कारण ते खरंच होतं. जाऊ की नको जाऊ हा प्रश्नच आता राहिला नव्हता.

तेराव्यानंतर तो दुकानावर आला. बाकावर बसला नाही, उभाच राहिला. फोनमध्ये त्या दिवसाची यादी उघडून दाखवली. दहा त्रेपन्न, वना नाना. दहा पंचावन्न, वना नाना. पुढे बाकीचे, शेवटचा एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी.

'तुम्ही सगळ्यांनी खूप केलं,' तो म्हणाला. 'मीच उचलला नाही. सगळ्यांना तसदी दिली.'

मी म्हटलं, 'नवल, तिचा नंबर मी खोडला होता.'

'असू द्या, नाना. तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलं.'

त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने माझी गचांडी धरली असती, आणि मला ते चाललं असतं. मी त्याच्यावर ओरडलो, 'तुला राग येत नाही का रे कशाचाच?' तो म्हणाला, 'येतो. पण कोणावर काढू ते कळत नाही.' आणि आठही जणांकडे जाऊन हेच बोलला, असू द्या, तुमचा काय दोष. लखीचंदशेठ त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेले.

जूनमध्ये त्यांनी घर रिकामं केलं. टेम्पो सकाळी सातला येणार होता. मी साडेसहालाच गेलो. नवल आणि टेम्पोवाला कपाट उचलत होते, मेघा सायकल धरून उभी होती. सुलक्षणा आत शिलाई मशीनला पोतं गुंडाळत होती. मी दाराशी उभा राहिलो. सुनेच्या खोलीत असं जायची माझी सवय नाही.

'सुलक्षणा,' मी म्हटलं. तिला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, पहिलीच असेल. 'त्या चिठ्ठ्यांवरचा तुझा नंबर मी खोडला होता.'

'माहीत आहे,' ती म्हणाली. 'त्याच आठवड्यात रसवंतीवर पाहिली होती मी. यांना म्हटलं होतं, परत लिहून द्या. हे म्हणाले, नानांना वाईट वाटेल.'

मला हे नवीन होतं.

'साडेदहापासून फोन माझ्या हातात होता, नाना,' ती सुतळीची गाठ आवळत म्हणाली. आवाज चढवला नाही. 'गेटापर्यंत गेले, आले, हातातच होता. मधे मधे बघत होते, बंद तर पडला नाही ना. एकदाही वाजला नाही.'

'माझी चूक झाली,' मी म्हटलं.

एवढ्या दिवसांत हे मी ज्याला ज्याला म्हटलं, त्याने माझं बोलणं तोडलं होतं. भटू म्हणाला, तुमची एकट्याची कशी. बायको म्हणाली, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. नवल म्हणाला, असू द्या. मलाही त्याची सवय झाली होती, खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला तिच्या दाराशी गेलो होतो.

सुलक्षणाने गाठ मारून पूर्ण केली आणि माझ्याकडे बघितलं.

'हो,' ती म्हणाली.

मग तिने मेघाला हाक मारली, आणि मायलेकींनी मशीनची दोन टोकं धरली. मी वाट सोडून बाजूला झालो.